ख्रिस्ती पंथ ओळखायला एकच प्रश्न विचारायचा, तर कोणता?

शंकेखोर

ख्रिस्ती धर्मातल्या पंथांची नीट ओळख करून घ्यावी म्हणून बरेच दिवस वाचतोय. जिथे जावं तिथे तक्ता. डावीकडे कॅथलिक, मधे ऑर्थोडॉक्स, उजवीकडे प्रोटेस्टंट. पोप: आहे, नाही, नाही. संतांकडे विनवणी: आहे, आहे, नाही. तक्ता पाठ होतो, पण लूथरन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, कॉप्टिक असं एखादं नाव समोर आलं की पुन्हा पाटी कोरी.

येशू सगळ्यांचा तोच, बायबल तेच, मग एवढ्या वेगळ्या चुली कशासाठी?

तर प्रश्न असा. अनोळखी पंथाच्या माणसाला एकच प्रश्न विचारायची मुभा आहे, आणि त्याच्या उत्तरावरून तो कुठल्या फांदीवरचा ते ओळखायचंय. काय विचाराल? मला आधी ‘पोपला मानता का?’ सुचलं, पण त्यात एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग, एवढंच हाती लागतं.

कुठला पंथ खरा, हा धाग्याचा विषय नाही. ती हौस असेल त्यांनी वेगळा धागा काढावा आणि मला तिकडे बोलावू नये.

काडेपेटी

मी पहिला. सतरंजी टाकून बसलोय. शंभरी गाठायच्या आत कुलूप लागणार, लावता पैज?

गोगलगाय

पोपचा प्रश्न तुम्हाला वाटतोय त्याहूनही फसवा आहे. पोपच्या छत्राखाली रोमन (म्हणजे लॅटिन) चर्चखेरीज पूर्वेकडची २३ चर्चेस आहेत: युक्रेनियन ग्रीक कॅथलिक, मॅरोनाइट वगैरे. त्यांची उपासना पूर्वेकडच्या पद्धतीची, आणि त्यांतल्या बऱ्याच चर्चेसमध्ये लग्न झालेला पुरुष धर्मगुरू होऊ शकतो. बाहेरून बघाल तर ऑर्थोडॉक्सच म्हणाल.

आणि ‘बायबल तेच’ हेही तितकंसं खरं नाही. कॅथलिकांची ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांची ६६, इथिओपियन चर्चची ८१.

रेवा_१२

पुस्तकं सोडा, दहा आज्ञांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत! मूर्ती करू नकोस ही आज्ञा कॅथलिक आणि लूथरन पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा भरतात. बाकीचे प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. त्यामुळे ‘माझ्या हातून सहावी आज्ञा मोडली’ असं कुणी रडत सांगायला आलं तर आधी पंथ विचारून घ्या. कॅथलिक असेल तर व्यभिचार, प्रेस्बिटेरियन असेल तर खून.

काडेपेटी

रेवा, =)) =)) हा प्रश्न विचारायला चांगला आहे की. ‘सहावी आज्ञा मोडलीय का?’ उत्तर येवो न येवो, पळायची दिशा कळेल.

अंजिरी

माझा प्रश्न: *शेवटचा शब्द कुणाचा?* धर्मात वाद झाला तर निकाल कोण देणार, हे कळलं की बाकीचा तक्ता आपोआप भरत जातो.

कॅथलिकांमध्ये शास्त्र आणि परंपरा दोन्ही प्रमाण, पण त्यांचा अर्थ लावायचा अधिकार पोप आणि त्याच्याशी जोडलेल्या बिशपांचा. पोपच्या अचूकतेबद्दल बाहेर फार गैरसमज आहे. पोप बोलला की ते ब्रह्मवाक्य, असं नाही. १८७० मध्ये हा सिद्धान्त अधिकृत झाला तोच मुळी कडक अटी घालून, आणि त्यानंतर तो उघडपणे वापरला गेला एकदाच, १९५० मध्ये, मरीयेच्या सदेह स्वर्गारोहणाबद्दल.

ऑर्थोडॉक्स म्हणतात, एका बिशपाला एवढा मान कशाला? रोमचा बिशप मानाने पहिला, हुकमाने नाही. त्यांच्यासाठी ३२५ ते ७८७ या काळातल्या सात महासभांनी (ठिकठिकाणच्या बिशपांच्या मोठ्या बैठकांनी) ठरवलं ते पक्कं. निकेयाच्या विश्वासांगीकारात (म्हणजे ‘आम्ही काय मानतो’ याच्या ठरलेल्या मजकुरात) पश्चिमेने, म्हणजे रोमच्या बाजूने, नंतर ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द घातले (पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र दोघांपासून, हा वाद), तेव्हा पूर्वेचा राग जितका त्या मतावर होता तितकाच ‘सभेला न विचारता मजकुरात हात घातलाच कसा’ यावर होता.

प्रोटेस्टंट म्हणतात शास्त्र, म्हणजे बायबल, हेच अंतिम. पण शास्त्र वाचणार कोण? इथून फाटे फुटतात. लूथरनांनी १५३० मध्ये ऑग्सबर्गचा जाहीरनामा लिहून मर्यादा आखून घेतली. प्रेस्बिटेरियनांत निवडलेल्या ज्येष्ठांच्या (एल्डरांच्या) सभा, एकावर एक चढत्या. बॅप्टिस्टांत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःची मुखत्यार, वर कुणी नाही. क्वेकरांकडे तर पाळकच नाही (निदान जुन्या रीतीच्या सभांत): सगळे गप्प बसतात, ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. पेन्टेकोस्टल म्हणतात, पवित्र आत्मा आजही थेट बोलतो.

एका टोकाला रोम, दुसऱ्या टोकाला एकटा माणूस आणि त्याचा आत्मा. मधल्या पट्टीवर बाकीचे कुठेही ठेवून बघा.

शंकेखोर

अंजिरी, प्रतिसाद साठवून ठेवलाय. धाग्याचा निकाल लागला म्हणायचा?

तिरपागडे

इतक्यात नको. अंजिरीचं उत्तर अभ्यासकाला शोभतं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला ‘तुमच्यात शेवटचा शब्द कुणाचा’ विचारलंत तर तो ‘देवाचा’ म्हणेल आणि तुमच्याकडे संशयाने बघेल.

शिवाय प्रोटेस्टंटांमधली पहिली मोठी फूट अधिकारावरून पडलीच नाही. १५२९ साली मारबुर्गच्या गढीत जर्मनीतला सुधारक लूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघेही रोमविरुद्ध, दोघांनाही शास्त्रच प्रमाण. हेस्सेचा जर्मन सरदार फिलिप याने मुद्दाम घडवून आणलेली बैठक, कारण राजकीय आघाडी हवी होती. १५ मुद्द्यांपैकी १४ वर एकमत झालं. अडलं ते प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या) भाकरीवर. लूथरने बैठकीच्या सुरुवातीला टेबलावर खडूने लॅटिनमध्ये ‘हे माझे शरीर आहे’ लिहून ठेवलं आणि वरून मखमली कापड ओढलं. झ्विंग्ली म्हणत होता की ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’, ही स्मरणाची खूण आहे. तो पुरावा मागायला लागला तसं लूथरने कापड बाजूला केलं. हा घ्या. संपलं. आघाडी बारगळली.

मी विचारीन: तुमच्यात त्या भाकरीचं काय होतं?

मुक्कामपोस्ट

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. राजकारण! आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, १५३४ मध्ये स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने लूथरला लपवलं नसतं तर लूथर जिवंत राहिला असता का? धर्मशास्त्र हे नंतर चढवलेलं वेष्टन.

गोगलगाय

@मुक्कामपोस्ट, अर्धं मान्य. हेन्रीबद्दल एक लक्षात घ्या: पोपशी तोडल्यावरही त्याची मतं बरीचशी कॅथलिकच होती, आणि रोमला न सोडणारे व लूथरची मतं मांडणारे अशा दोघांनाही त्याने मारलं.

पण फेलिक्स मान्झचं काय कराल? लहान बाळांचा बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) हा बाप्तिस्माच नव्हे, समजत्या वयात विश्वास ठेवून घेतला तोच खरा, एवढंच त्याचं म्हणणं. ना राज्य मागत होता ना सैन्य. जानेवारी १५२७ मध्ये झुरिकच्या नगरसभेने त्याला लिम्मत नदीत बुडवून मारलं. झुरिक म्हणजे झ्विंग्लीचं गाव. सुधारणावाद्यांच्या हातून गेलेला सुधारणावादी. आजचे मेनोनाइट आणि आमिश त्याच परंपरेतले.

मुक्कामपोस्ट

मग माझाच मुद्दा सिद्ध होतो. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे त्या काळची नागरिकत्वाची नोंद. ती नाकारली म्हणून नगरसभा खवळली. पाळक नाही, नगरसभा!

उत्तरा_डी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी जन्माने कॅथलिक, नवरा बॅप्टिस्ट. तिरपागडे यांचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याला एक शेपूट जोडते: *उरलेल्या भाकरीचं काय करता?*

आमच्याकडे मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) रांगेने पुढे जायचं, धर्मगुरू हातावर किंवा जिभेवर ठेवतो. जे उरतं ते वेदीजवळच्या छोट्या कपाटात कुलपात जातं आणि त्याच्याजवळ दिवा अखंड जळतो. लहानपणी त्या कपाटासमोरून जाताना गुडघा टेकायचा हे अंगात इतकं भिनलंय की नाटकाच्या थिएटरात खुर्चीत शिरतानाही माझा गुडघा वाकतो.

लग्नानंतर नवऱ्याच्या चर्चमध्ये गेले. तिथे कुणी उठतच नाही. तबक बाकाबाकावरून हातोहात फिरतं, बोटाच्या पेराएवढे पेले, त्यात द्राक्षाचा रस. सगळ्यांच्या हातात येईपर्यंत थांबायचं आणि पाळकाने सांगितलं की एकदम. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर तबकात उरलेले तुकडे एका बाई सहज उचलून मागे घेऊन गेल्या, गप्पा मारत, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच वावगं नव्हतं. खूण होती, खुणेचं काम झालं. त्या दिवशी मला कळलं की आम्ही दोघं एकच वाक्य बोलून वेगळी गोष्ट करतो.

(मी तिथे घेत नाही. तबक पुढे देते. आणि नवऱ्याला आमच्याकडे देत नाहीत. दर रविवारी कुणी ना कुणी उपाशी.)

तिरपागडे

वा! उरलेल्याचं काय, हाच प्रश्न. माझा मी मागे घेतला.

रेवा_१२

उत्तराताई, लिहीत राहा. एक विचारू का? मुलं असतील तर त्यांचं काय ठरवलंत? खाजगी वाटलं तर सोडून द्या.

उत्तरा_डी

खाजगी कसलं, दोन्ही घरांत जाहीर विषय आहे. एक मुलगी आहे. बाप्तिस्मा अजून नाही. नवऱ्याच्या चर्चमध्ये बाळाचा समर्पणविधी झाला: पाळकाने उचलून प्रार्थना केली, पाणी नाही. माझी आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती आणि पाणी कधी घालतात याची वाट बघत होती. सासूबाई म्हणतात ती मोठी झाली की स्वतः ठरवेल. आई म्हणते तोवर काय वाऱ्यावर सोडायचं? शिवाय सासरच्यांच्या मते माझाही बाप्तिस्मा व्हायचाय, कारण माझा झाला तेव्हा मी महिन्याची होते. आमच्या शिकवणीनुसार तो आयुष्यात एकदाच होतो, परत घेणं म्हणजे पहिला खोटा ठरवणं. हा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला की मी भांडी घासायला उठते.

अर्धवट

यावरून आठवलं: ऑर्थोडॉक्स लोक बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात, लगेच तेलाचा अभिषेक आणि प्रभुभोजनही त्याच वेळी, चमच्याने. कॅथलिकांत (पश्चिमेकडच्या) ते सात-आठ वर्षांचं होईपर्यंत थांबतात. आणि क्रूसाची खूणसुद्धा उलटी: कॅथलिक डावीकडून उजवीकडे, ऑर्थोडॉक्स उजवीकडून डावीकडे.

रशियात तर किती बोटांनी खूण करायची यावरून रक्त सांडलं. १६५० च्या दशकात रशियन चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकॉन याने ग्रीकांप्रमाणे तीन बोटं करा म्हणून फर्मावलं. जुने लोक दोन बोटांवर ठाम. त्यांचा पुढारी अव्वाकुम याला १६८२ मध्ये जाळलं. ‘जुने श्रद्धावंत’ म्हणून तो गट आजही टिकून आहे.

काडेपेटी

एका बोटासाठी?

अर्धवट

एका बोटासाठी नाही हो. ‘आमचे बापजादे चुकीची खूण करत नरकात गेले का’ यासाठी.

धोपटमार्ग

एक भाबडी शंका. हे सगळं धर्मशास्त्र शिकलेल्यांचं झालं. ४५,००० पंथ आहेत म्हणे जगात. एवढे वाद तरी कुठून आणले?

अंजिरी

तो आकडा देशवार मोजलेला आहे. एकच चर्च शंभर देशांत असेल तर शंभर वेळा मोजलं जातं. खुद्द रोमन कॅथलिक चर्च त्यात शेकड्याच्या हिशेबात येतं. घाबरवायला बरा आकडा आहे.

आणि सगळे पंथ वादातून जन्मत नाहीत. मेथडिस्टांचं बघा. जॉन वेस्ली १७९१ मध्ये मरेपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच होता, नवं चर्च त्याला नकोच होतं. अमेरिका स्वतंत्र झाली, तिथे दीक्षित धर्मगुरू पुरेनात, बिशप द्यायला तयार नाहीत. शेवटी १७८४ मध्ये त्याने स्वतःच दीक्षा दिल्या. सिद्धान्ताचा वाद कमी, माणसांची टंचाई जास्त.

उलट १८४५ मध्ये अमेरिकेतले बॅप्टिस्ट फुटले ते गुलामगिरीवरून. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, हा तंटा. बाप्तिस्मा तोच, बायबल तेच, पाण्याची खोलीही तीच. दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी त्याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये.

मुक्कामपोस्ट

राजकारण! पुन्हा एकदा! मी काय म्हणत होतो?

निळी_छत्री

एवढ्या फुटीच मोजताय, जोडण्याही मोजा. १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. बिशप असलेले आणि बिशप नको म्हणणारे एका चर्चमध्ये आले, ही लहान गोष्ट नाही. १९६५ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपलने १०५४ चे परस्परांवरचे बहिष्कार मागे घेतले. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लूथरनांनी ‘तारण (म्हणजे मुक्ती) देवाच्या कृपेने’ या मुद्द्यावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ज्या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोप पेटला तोच मुद्दा.

काडेपेटी

आणि जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीचं चर्च? सहा पंथांची तिथे भाऊबंदकी. कुठली पायरी कुणी झाडायची यावरून धर्मगुरूंची हाणामारी झालेली आहे. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच आहे, कारण ती हलवायला सहाही जणांची संमती लागते. दरवाजाची किल्ली मुसलमान घराण्याकडे. जय हो.

शंकेखोर

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ या का? उत्तराताईंचा ‘उरलेल्याचं काय’ मी मनातल्या मनात सगळ्यांना लावून बघतोय. कॅथलिक: कपाटात, दिव्यासकट. ऑर्थोडॉक्स: आजाऱ्यांसाठी राखलेलं सोडून बाकीचं पाद्री किंवा डीकन (त्याचा दीक्षित साहाय्यक) सेवन करून संपवतो, बरोबर? बॅप्टिस्ट: परत साधी भाकर. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी: मुळात विधीच नाही, त्यामुळे उरण्याचा प्रश्न नाही. यहोवाचे साक्षीदार कुठे बसतात?

अर्धवट

त्यांच्याकडे जवळजवळ सगळंच उरतं. :) वर्षातून एकदा स्मरणविधी, आणि बहुतेक लोक भाकर न खाता फक्त पुढे देतात. स्वर्गात जाणारे निवडक अभिषिक्त तेवढेच खातात. पण त्यांना इतर ख्रिस्ती पंथ आपल्यात धरत नाहीत ते भाकरीमुळे नाही, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारल्यामुळे. मॉर्मनांचंही तसंच: भाकर आणि द्राक्षारसाऐवजी पाणी, पण खरी अडचण देवाच्या कल्पनेची. त्यांचा बाप्तिस्मा रोमने २००१ मध्ये ग्राह्य नाही असं ठरवलं. बॅप्टिस्टाचा मात्र ग्राह्य धरतात. उत्तराताईंच्या नवऱ्याला कॅथलिक व्हायचं झालं तर पुन्हा पाणी लागणार नाही.

उत्तरा_डी

हे घरी सांगणार नाही. आधीच कमी विषय आहेत का.

तिरपागडे

अँग्लिकन राहिले, आणि तिथे गंमत आहे. त्यांच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात सरळ सूचना आहे: भाकर-द्राक्षारस उरला तर तो पाळकाने स्वतःच्या उपयोगासाठी न्यावा. पक्के झ्विंग्लीवादी वाटतात ना? १६६२ च्या पुस्तकात तेच वाक्य बदललं: पवित्र केलेलं उरलं तर चर्चबाहेर नेऊ नये, पाळकाने आणि काही भाविकांनी तिथेच आदरपूर्वक संपवावं; घरी न्यायचं ते पवित्र न केलेलंच. चर्च तेच, शंभरेक वर्षांत उत्तर फिरलं. आणि आज काही अँग्लिकन चर्चेसमध्ये कॅथलिकांसारखं कपाट आणि दिवा आहे, त्यांच्याच श्रद्धेच्या ३९ कलमांतलं २८ वं कलम असं राखून ठेवण्याला अनुकूल नसताना. त्यांना विचारताना पुढचा प्रश्न तयार ठेवा: कुठलं चर्च?

गोगलगाय

बाकी सगळं पटलं, पण उरलेल्याच्या प्रश्नात एक मोठं भोक आहे. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन आणि इथिओपियन. भाकरीबद्दल त्यांचं उत्तर ग्रीक ऑर्थोडॉक्सांच्या फार जवळचं, बिशप आहेत, मरीया आहे, उपास आहेत. तरी ४५१ पासून वेगळे. कॅल्सिडॉनच्या महासभेने ख्रिस्ताला एक व्यक्ती, दोन स्वभाव (दैवी आणि मानवी) म्हटलं. हे म्हणाले, एक झालेला एकच स्वभाव. आर्मेनियन तर सभेला नव्हतेच, त्याच वर्षी इराण्यांशी लढत होते. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी ख्रिस्ताबद्दल एकत्र निवेदन केलं, त्यात मतभेद जवळपास उरलाच नाही. तरी चर्चेस वेगळीच.

शंकेखोर

थांबा, कॉप्टिकांचाही पोप असतो??

गोगलगाय

अलेक्झांड्रियाचा. ‘पोपला मानता का’ विचारलंत तर कॉप्टिक माणूस हो म्हणेल.

शंकेखोर

मग दोन प्रश्न ठेवतो. आधी उरलेल्याचं काय, आणि उत्तर कॅथलिक-ऑर्थोडॉक्स छापाचं आलं तर ‘कॅल्सिडॉन मान्य का?’ गोगलगाय, ४५१ वर एक वेगळा धागा काढाल का? स्वभाव-व्यक्ती हे मला अजून झेपलेलं नाही.

गोगलगाय

काढतो. पण ४३१ च्या इफिससच्या महासभेपासून सुरू करावं लागेल, तिथे दोषी ठरलेला बिशप नेस्टोरियस सोडून ४५१ कळत नाही.

काडेपेटी

मग ३२५ पासूनच करा ना. सतरंजी मोठी आहे.